नशा सुटताना रक्तात काय बदलतं? बीडीएनएफ, कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिनचे रिपोर्ट आणि घरच्यांचे प्रश्न

निळीशाई

नमस्कार मंडळी. विपूत (विचारपुशीत) आणि मेलवर सध्या एकच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून येतोय, म्हणून सरळ धागाच काढते. घरातला मुलगा एमडी (मेफेड्रोन, हा उत्तेजक नशेचा पदार्थ) किंवा कोकेन सोडायच्या मार्गाला लागलेला असतो. कुणीतरी सुचवतं म्हणून रक्ताचं एक पॅकेज केलं जातं. त्यात चार-पाच अवघड नावं असतात, समोर लाल अक्षरात आकडे असतात, आणि आई-वडील तो कागद घेऊन विचारतात: सुटला का हो आमचा मुलगा?

मी परळ भागात जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. उपचार हा माझा प्रांत नाही, त्यावर इथले डॉक्टर बोलतील. नळीतल्या रक्ताबद्दल मात्र मला खात्रीने बोलता येतं.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. रक्तात किंवा लघवीत पदार्थ सापडतो का, हा एक प्रश्न. कोकेनचं अर्धायुष्य साधारण तासाभराचं, म्हणजे रक्तातून ते पटकन उतरतं. लघवीत त्याचा बेंझॉइलएकगोनिन हा अवशेष दोन ते चार दिवस मिळतो, फार जास्त वापर असेल तर त्याहून जास्त. त्यातून 'अलीकडे घेतलं का' एवढंच कळतं. दुसरा प्रश्न वेगळाच आहे: पदार्थ निघून गेल्यावर शरीर सावरतंय, त्याची काही खूण रक्तात उमटते का? उमटते. त्यावर तीसेक वर्षांहून जास्त काळ संशोधन चालू आहे, मुख्यतः कोकेन आणि मेथअॅम्फेटामाइन या उत्तेजक पदार्थांवर. पण ती खूण एका माणसाच्या बाबतीत वाचता येते का, इथेच सगळा घोळ आहे.

बीडीएनएफ घ्या, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच. मेंदूतल्या पेशींची वाढ आणि त्यांचे एकमेकींशी असलेले जोड टिकवणारं हे प्रथिन. नशेच्या पदार्थांमुळे मेंदूत बदल होतात, म्हणून रक्तात ते मोजून पाहावं, हा विचार रास्तच आहे. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये कोकेनच्या रुग्णांचं रुग्णालयातल्या १२ दिवसांच्या मुक्कामात मोजमाप केलं. दाखल होताना पातळी निरोगी लोकांपेक्षा कमी होती आणि त्या १२ दिवसांत ती वाढली. वाचून वाटतं, वाढली म्हणजे बरं झालं. पण येल विद्यापीठाच्या गटाने २०११ मध्ये तीन आठवडे कोकेनपासून दूर राहिलेल्या रुग्णांचं बीडीएनएफ मोजलं होतं. तिथे ते निरोगी लोकांपेक्षा जास्त निघालं, आणि ज्यांचं जास्त होतं ते पुढच्या ९० दिवसांत लवकर पुन्हा कोकेनकडे वळले. मेथअॅम्फेटामाइनच्या अभ्यासांतही कुठे जास्त, कुठे कमी. दोन्ही कामं प्रामाणिक आहेत. कोणत्या दिवशी मोजलं, कोणावर मोजलं, यावर उत्तर बदलतं. मग एका मुलाच्या एकाच रिपोर्टवर कोणी हिरवी किंवा लाल खूण करत असेल तर ती कशाच्या आधारावर?

आता नळीकडे या. रक्तातलं बहुतेक बीडीएनएफ प्लेटलेटमध्ये साठवलेलं असतं. साध्या नळीत रक्त घेऊन अर्धा-पाऊण तास गोठू दिलं की प्लेटलेट फुटून ते बाहेर ओततात. वर जो पिवळसर सीरम येतो त्यात म्हणून ते भरपूर असतं. तेच रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलं तर ते गोठत नाही आणि त्यावरच्या द्रवातला, म्हणजे प्लाझ्मातला, आकडा कित्येक पटींनी खाली येतो. तोच माणूस, तोच हात, तीच सुई. पावसाळ्यात डेंग्यू होऊन प्लेटलेट उतरल्या असतील तर सीरममधला आकडाही पडू शकतो, आणि त्याचा नशेशी काडीचा संबंध नसेल. व्यायाम, नैराश्य, नैराश्यावरच्या गोळ्या, सगळ्यांनी हे प्रथिन हलतं. ज्या एलायझा किटवर (प्रथिनं मोजायच्या तयार संचावर) ते मोजतात त्यांतल्या अनेकांच्या माहितीपत्रकावर स्पष्ट छापलेलं असतं की वापर फक्त संशोधनासाठी. तुमच्या लॅबला हे विचारा. विचारण्यात कसला संकोच नाही, पैसे तुम्ही भरलेत.

कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिन, सीआरपी यांबद्दल प्रतिसादांत लिहिते, नाहीतर हा लेख कधीच संपणार नाही.

वाटसरू_गिरगाव

वाखूसा (वाचनखूण साठवली). प्लेटलेटची गोष्ट प्रथमच कळली.

डोंबिवलीकर_बाबा

ताई, हा धागा माझ्यासाठीच काढलात असं वाटलं. माझा मुलगा २६ वर्षांचा. अंधेरीला नाईट शिफ्टची नोकरी होती. एमडी घेत होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मध्ये त्याला कोणीतरी पाठलाग करतंय, मोबाइल ऐकतंय असे भास व्हायला लागले, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रिस्पेरिडोन सुरू केलं. आता घेणं बंद आहे असं तो म्हणतो, आणि मला ते खरं वाटतं.

नातेवाइकांच्या सांगण्यावरून एका खाजगी लॅबमध्ये हे पॅकेज केलं. बीडीएनएफ लाल, प्रोलॅक्टिन लाल (वरच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त), सीआरपी थोडं वाढलेलं, सकाळचं कॉर्टिसॉल कमी. शेवटी एका चौकटीत 'पुन्हा व्यसनाचा धोका: उच्च'. तो कागद बायकोने पाहिला आणि ती तेव्हापासून मुलाच्या खोलीबाहेर रात्री बसून राहते. मुलाने पाहिला तर तो म्हणाला, बाबा, मग प्रयत्न करून काय उपयोग, माझं रक्तच सांगतंय.

मला फक्त एवढंच सांगा, हे खरं आहे का?

निळीशाई

बाबा, त्या चौकटीतलं वाक्य त्या रक्तातून निघूच शकत नाही. आधी हे मुलाला आणि वहिनींना वाचून दाखवा, मग पुढचं.

प्रोलॅक्टिन: हे संप्रेरक पिट्युटरी ग्रंथीतून येतं आणि डोपामिन त्याला सतत दाबून ठेवतं. कोकेन बंद केल्यावर डोपामिन कमी पडतं, म्हणून प्रोलॅक्टिन वाढत असेल, असा तर्क १९८० च्या दशकात मांडला गेला. काही अभ्यासांत ते वाढलेलं सापडलं, काहींत नाही. पण तुमच्या बाबतीत इतकं लांब जायची गरजच नाही. रिस्पेरिडोन डोपामिनचे ग्राही (पेशींवरच्या त्याच्या जागा) अडवतं, आणि प्रोलॅक्टिन वाढवणाऱ्या औषधांत त्याचं नाव अगदी वर आहे. गोळी चालू असताना दुपटीहून जास्त आकडा आला यात नवल काही नाही. पॅकेज घेताना 'कोणती औषधं चालू आहेत' हे कोणी विचारलं होतं का? ते विचारल्याशिवाय प्रोलॅक्टिनचा रिपोर्ट द्यायलाच नको होता.

कॉर्टिसॉल: हे ताणाचं संप्रेरक. निरोगी माणसात ते पहाटे चढतं, सकाळी उठल्यानंतर सर्वांत जास्त असतं आणि रात्री उतरतं. नाईट शिफ्टवाल्याचं हे घड्याळच फिरलेलं असतं. त्यात उत्तेजक पदार्थ सुटताना झोप उलटीपालटी होते. सकाळी आठला सुई टोचली तेव्हा त्याची 'सकाळ' होती की मध्यरात्र? येलच्या रजिता सिन्हा यांच्या गटाने २००६ मध्ये कॉर्टिसॉलचं जे काम केलं त्यात रुग्णाला ताणाच्या प्रसंगाची आठवण करून देऊन, त्या आधी आणि नंतर ठरावीक अंतराने रक्त घेतलं होतं. ज्यांचा कॉर्टिसॉलचा प्रतिसाद मोठा, ते पुन्हा नशेकडे वळल्यावर एका वेळी जास्त कोकेन घेत. म्हणजे तिथे पाहिली ती हालचाल. एका सकाळचा एक सुटा आकडा म्हणजे ते संशोधन नव्हे.

सीआरपी: दाह दाखवतं, कशाचा ते सांगत नाही. सिगरेट, सर्दी-ताप, हिरड्या, दाढ.

पुन्हा_पहाट

दाढेवरून लिहितो. मी स्वतः एमडी घेत होतो, आता बऱ्याच काळापासून क्लीन आहे. एमडीत दात इतके आवळले जातात की जबडा दुखतो. सोडल्यानंतर मागच्या दोन दाढा काढाव्या लागल्या, पू झाला होता. तेव्हा कोणी माझं सीआरपी पाहिलं असतं तर काय निष्कर्ष काढला असता?

बाबा, तुमच्या मुलाला माझ्याकडून एक सांगा. ब्राऊन शुगरवाल्यांना टर्की (सोडतानाचा शारीरिक त्रास) लागते तशी आपल्याला लागत नाही. उलट्या नाहीत, अंग मोडून येत नाही. त्यामुळे घरच्यांना वाटतं की हा नुसता लोळतोय. मी पहिले काही दिवस फक्त झोपत होतो आणि उठून वरणभात, पाव, जे दिसेल ते खात होतो. मग झोप उडाली आणि घाणेरडी, खरी वाटणारी स्वप्नं पडायची. सगळ्यात वाईट त्यानंतरचं: कशातच गोडी नाही. क्रिकेट नाही, मित्र नाहीत, आईने केलेली पुरणपोळी नाही. तो काळ कोणत्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही. मला तेव्हा कोणी 'धोका: उच्च' लिहिलेला कागद दिला असता तर मी त्याच संध्याकाळी पुडी आणली असती. मनापासून लिहितोय.

आकडेमोड

निळीशाई यांच्या मुद्द्याला संख्याशास्त्राची जोड. 'रुग्णांत बीडीएनएफ कमी आढळलं' याचा अर्थ रुग्णांच्या गटाची सरासरी निरोगी गटाच्या सरासरीपेक्षा कमी, एवढाच. पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त असते हे शंभर टक्के खरं आहे. तरी मी तुम्हाला फक्त 'पाच फूट पाच इंच' सांगितलं तर ती बाई की पुरुष हे सांगता येईल का? दोन्ही गटांतली असंख्य माणसं मधल्या पट्ट्यात असतात. यांतले बरेच अभ्यास प्रत्येक बाजूला काही डझन लोकांवर झालेले आहेत. सरासरीतला फरक खरा असूनही एका माणसाचं भविष्य त्यातून निघत नाही.

दारूशी तुलना करून पाहा. तिथे पेथ नावाची रक्तचाचणी आहे, गेल्या दोन ते चार आठवड्यांतलं पिणं ती बऱ्यापैकी दाखवते, कारण तो रेणू शरीरात मद्यार्क असल्याशिवाय बनतच नाही. बीडीएनएफ, कॉर्टिसॉल, सीआरपी सगळ्यांच्याच शरीरात कायम असतात. हा मूलभूत फरक आहे.

सुमेधा_गोरेगाव

सगळं पटतंय, पण एक विरोधी सूर लावते. तुम्ही लोक म्हणता आकडा निरर्थक. ज्या घरात दोन वर्षं फक्त खोटं ऐकलंय तिथे काहीतरी बाहेरचं, तटस्थ हवं असतं हो. माझा भाऊ डोळ्यांत डोळे घालून 'दीदी, शप्पथ' म्हणायचा आणि खिशात पुडी असायची. रक्त खोटं बोलत नाही, म्हणून लोक तिकडे धावतात. त्यांना मूर्ख समजू नका.

शिवाय, केमिस्टकडे लघवीच्या चाचणीचं किट मिळतं ते घरी वापरावं का?

डॉ_कैरी

सुमेधा, मूर्ख कोणीच समजत नाहीये. तुमचा अनुभव माझ्या ओपीडीत दर आठवड्याला बसलेला असतो. (मी मानसोपचार करते, मुंबईतच.)

किटबद्दल: बाजारातल्या बऱ्याच पट्ट्यांवर अॅम्फेटामाइनचा रकाना असतो. एमडी म्हणजे मेफेड्रोन, हा कॅथिनोन गटातला पदार्थ, तो त्या रकान्यात सापडेलच असं नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली मास स्पेक्ट्रोमेट्रीची (रेणू वजनावरून ओळखण्याची) तपासणी लागते. उलट सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन किंवा सिगरेट सोडण्यासाठी दिलेलं ब्युप्रोपिऑन यांनी पट्टी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे घेणारा सुटेल आणि न घेणारा पकडला जाईल. चाचणी करायचीच तर उपचाराचा भाग म्हणून, मुलाच्या संमतीने, आणि निकाल आल्यावर काय करायचं हे आधी ठरवून. सर्वांत चांगला पुरावा ज्या पद्धतीला आहे तिच्यात लघवी स्वच्छ आली की लगेच काहीतरी ठरलेलं बक्षीस मिळतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिथे चाचणी पकडायला नसते, पाठ थोपटायला असते.

आता विथड्रॉवलच्या, म्हणजे पदार्थ सोडल्यानंतरच्या त्रासाच्या, काळाबद्दल. १९८६ मध्ये गाविन आणि क्लेबर यांनी कोकेनसाठी तीन टप्पे सांगितले: आधी कोसळणं, मग काही आठवड्यांचं विथड्रॉवल, मग अधूनमधून उसळणारी तलफ. पुढे १९९० च्या सुमारास दाखल रुग्णांवर झालेल्या अभ्यासांत असे ठळक टप्पे दिसले नाहीत, लक्षणं हळूहळू ओसरत गेली. मेथअॅम्फेटामाइनमध्ये जोर साधारण पहिल्या आठवडा-दहा दिवसांत असतो, मग सौम्य लक्षणं आणखी काही आठवडे रेंगाळतात. 'पुन्हा_पहाट' यांनी जे लिहिलंय, ती झोप, भूक, स्वप्नं, थकवा, ती उदासी, हेच आमचे निदानाचे निकष आहेत. त्यासाठी रक्त लागत नाही.

मेंदू सावरतो का? हो. नोरा वोल्कोव यांच्या गटाने २००१ मध्ये मेथअॅम्फेटामाइन सोडलेल्यांचे पेट स्कॅन (मेंदूतली रसायनं दाखवणारे स्कॅन) पुन्हा केले, तेव्हा सोडून वर्ष-दीड वर्ष झाल्यावर डोपामिन वाहून नेणारी प्रथिनं बरीच परत आलेली दिसली. स्मरण आणि हालचालींच्या चाचण्या मात्र तितक्या सुधारल्या नव्हत्या. बाबा, मुलाला ही महिन्यांची मोजपट्टी सांगा.

आणि एक गोष्ट जरा जोर देऊन: या काळातली उदासी जीवघेणी ठरू शकते. 'प्रयत्न करून काय उपयोग' हे वाक्य मी गंभीरपणे घेईन. मुलाला सरळ विचारा, जीव नकोसा वाटतो का. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. टेली मानसचा १४४१६ क्रमांक कधीही लागतो, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे.

डोंबिवलीकर_बाबा

विचारलं. कसं विचारावं कळत नव्हतं, म्हणून तुमचंच वाक्य वापरलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, मधे वाटलं होतं, आता तितकं नाही. त्याच्या डॉक्टरांना मी फोन करून हे कळवलं, त्यांनी उद्याच बोलावलंय. वहिनी (म्हणजे आमची सौ.) तुम्हा दोघींना आशीर्वाद सांगते.

मग रक्त तपासायचंच नाही का?

डॉ_कैरी

बाबा, लगेच कळवलंत, फार चांगलं केलंत.

रक्त जरूर तपासायचं, शरीरासाठी. सीबीसी, साखर, यकृत, मूत्रपिंड, सोडियम-पोटॅशियम. उदासी रेंगाळली तर थायरॉइड आणि बी-१२. सुई किंवा असुरक्षित संबंधांचा इतिहास असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, मुलाशी बोलून, त्याच्या संमतीने. स्नायू फार दुखत असतील आणि लघवी गडद होत असेल तर सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी चाचणी). छातीत दुखलं तर घरी थांबायचं नाही, ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाची इजा दाखवणारी रक्तचाचणी). कोकेनवाल्यांत पांढऱ्या पेशींकडे मी विशेष पाहते, कारण कोकेनमध्ये मिसळलेल्या लेव्हामिसोल या जंताच्या औषधामुळे न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) धोकादायक रीतीने उतरू शकतात. यातलं बहुतेक पालिकेच्या रुग्णालयात नगण्य खर्चात होतं.

पागडीवाला_वकील

बरेच पालक पोलिसांच्या भीतीने सरकारी रुग्णालय टाळतात, म्हणून लिहितो. मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ पासून एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली आहे. पण त्याच कायद्यात कलम ६४अ आहे: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला आली तर त्या आरोपासाठी खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार पूर्ण करणं मात्र आवश्यक. विक्रीच्या प्रकरणांना हे लागू नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा रुग्णाला हक्क आहे, म्हणून तो लॅबचा कागद नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. असं होताना मी पाहिलंय.

सुमेधा_गोरेगाव

डॉक्टर, किटचं वाचून आईशी बोलले. भावाला न सांगता त्याची लघवी तपासायचं ठरलं होतं, ते रद्द केलं. मुंबईत कुठे जावं?

पुन्हा_पहाट

परळच्या केईएममध्ये व्यसनमुक्तीचा विभाग आहे, केसपेपर काढून सकाळी लवकर जा. वांद्र्याला कृपा फाउंडेशन आहे, फादर जो परेरांनी १९८१ मध्ये सुरू केलेलं. भाऊ मुंबईबाहेर राहायला तयार असेल तर पुण्याचं मुक्तांगण, अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं, तिथे सगळं मराठीतून चालतं आणि घरच्यांसाठीही सत्रं असतात. मी पहिल्या मीटिंगला गेलो तेव्हा माझी बहीण बाहेर बाकावर बसली होती. पुढच्या वेळी तिला आत घेतलं. तुम्हीही आत जा.

आकडेमोड

एक शंका. मग हे मार्करचं, म्हणजे रक्तातल्या खुणांचं, संशोधन थांबवावं असं म्हणायचंय का? मला तसं वाटत नाही.

निळीशाई

मुळीच नाही, आणि हे स्पष्ट व्हायला हवं. कोकेन सोडणाऱ्यांच्या रक्तात काही दाहकारक रेणू चढलेले आणि दाह शमवणारं आयएल-१० उतरलेलं दिसतं, ऑक्सिडेशनचा ताण वाढलेला दिसतो. यातून उद्या औषध शोधायला दिशा मिळू शकते, आणि उत्तेजक पदार्थांच्या व्यसनावर ठरलेलं असं औषध आज नसताना ती दिशा फार मोलाची आहे. एखाद्या रुग्णालयाने मुलाला अशा अभ्यासात विचारलं, नीट संमतीपत्र दिलं, नैतिकता समितीची मंजुरी दाखवली आणि पैसे घेतले नाहीत, तर मी 'हो म्हण' असंच सुचवेन. माझा राग आहे तो अर्धवट शिजलेलं संशोधन रांधलेल्या पानासारखं घाबरलेल्या आई-बापांना वाढण्यावर.

डोंबिवलीकर_बाबा

आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. बराच वेळ ते मुलाशी एकट्याशी बोलले. दर आठवड्याला बोलावलंय. लॅबचा कागद दाखवला, त्यांनी 'धोका' वाली चौकट पेनने काट मारून टाकली आणि प्रोलॅक्टिन तेवढं पुन्हा करायला सांगितलं. ते कसं करायचं? उपाशीपोटी का?

निळीशाई

झोपेतून उठल्यावर निदान दोन-तीन तासांनी द्या, झोपेत ते आपोआप चढलेलं असतं. उपाशीपोटी दिलं तर उत्तम. जिना धावत चढून लगेच हात पुढे करू नका, पंधरा-वीस मिनिटं शांत बसू द्या, ताणाने आणि दमल्यानेही आकडा वर जातो. रिस्पेरिडोन किती मिलिग्रॅमचं आणि कधीपासून, हे चिठ्ठीवर लिहून काउंटरला द्या. आणि आकडा खाली यावा म्हणून गोळी मनाने बंद करू नका, ते फक्त डॉक्टर ठरवतील. रिपोर्ट आला की आधी त्यांनाच दाखवा.